शीग मोजणारी सोजर

आमच्या सोजरला जाऊन पाच महिने झाले. तिचं पितळी मापटं चुलीवरच्या फळीवर पालथं पडलंय. मी त्याला हात लावत नाही. तिला विचारल्याबिगर त्याला हात लावायची या घरात कुणाची टाप नव्हती, आणि आता विचारायचं कुणाला?

मेलेल्या माणसाबद्दल लोक गोड गोड बोलतात. सोजर गोड नव्हती. तिखट होती, हट्टी होती, आणि भांडणात तिनं मला चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही जिंकू दिलं नाही. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही. सही करायची तर 'सोजर' एवढी तीनच अक्षरं काढायची, तीही गिरवल्यासारखी. तरी धाराशिवच्या एका मोठ्या हॉलात ढीगभर मास्तर-मास्तरणी वह्या उघडून तिचं बोलणं उतरून घेत होते. ऐकीव सांगत नाही, मी तिथं खुर्चीवर बसलो होतो. ते कसं झालं तेवढं सांगतो.

बेंबळीच्या रस्त्याला आमचं गाव. गावात आठवीपर्यंत शाळा. सोजर त्या शाळेत खिचडी शिजवायची. पोरं तिला सोजरमावशी म्हणायची आणि घाबरायची. तांदूळ, डाळ, सगळं ती मापट्यानं मोजायची. मापटं भरलं की काठाच्या वर जो ढीग राहतो त्याला आमच्याकडं शीग म्हणतात. सोजर तळहात आडवा धरून ती शीग एका फटक्यात काढायची. सर्रकन. माप काठोकाठ, वर एक दाणा नाही.

"मापातलं पातेल्यात जातं," म्हणायची, "शीग भुईवर सांडती. मंग कोंबड्या खात्यात आन लेकरं उपाशी."

तिला सगळ्याच गोष्टीत शीग दिसायची. मी चिडलो की म्हणायची, "आज तुमचा राग शिगंला गेलाय, उद्या बोलू." शेजारीण लई गोड बोलायला लागली की ही मला हळूच म्हणायची, "शीग लागली बघा. कायतरी मागणार हाय." आणि बाई खरंच चाळण नाहीतर दोरखंड मागून जायची.

एकदा आमच्या सूनबाईनं पुण्याहून वजनाचा काटा आणला. चपटा, काचेचा, आकडे लाल दाखवणारा. सोजरनं त्याला उलटापालटा करून बघितला आणि मिठाचा न फोडलेला पुडा त्यावर ठेवला. काट्यानं किलोपेक्षा कमी दाखवलं.

"आई, सेल उतरला असंल," सून म्हणाली.

"पुडा किलोचा हाय हे मला ठाव हाय. ह्याला ठाव न्हाय," सोजर म्हणाली. "जे आपल्याला ठाव हाय ते आधी मोजून बघायचं. ते बरुबर आलं तर मंग ठाव नसलेलं मोजाया द्यायचं. न्हायतर काटा खोटा."

तो काटा तिनं कपाटात टाकला. सून फुगून बसली. मला तेव्हा हा नुसता सासूचा आडमुठेपणा वाटला होता. पुढं ह्याच गोष्टीवर सगळं फिरलं.

धाराशिवच्या एका कॉलेजातून वैशाली मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, चष्म्याच्या, बोलायला मऊ. पोरांना मोबाईलची आणि नेटची सवय किती लागली, ती कुठवर बरी आणि कुठून पुढं वाईट, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी छापील फॉर्म होता. सहावी ते आठवीच्या पोरांनी तो भरायचा. ज्या शाळेत सवय जास्त निघंल तिथं पोरांशी बोलायला दर आठवड्याला एक समुपदेशक बाई येणार होती. या बाजूच्या गावांत अशी एकच शाळा घेणार होते.

आमच्या शाळेनं फॉर्म भरले. सगळ्यांचं शून्याच्या आसपास.

हेडमास्तर खूश. व्हरांड्यात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्या शाळेत एकही पोरगं नादी लागलेलं नाही. अभिमानाची गोष्ट आहे."

सोजर हातातली पळी घेऊन तशीच तिथं गेली.

"सर, हे खोटं हाय."

"मावशी, तुम्ही खिचडीकडं बघा."

"खिचडीकडंच बघतेय सर, म्हणून तर सांगते. ही लेकरं जेवताना ताटात बघत न्हाईत. ताटाच्या काठावर आंगठा हलतुया त्यांचा. वर-खाली, वर-खाली. मोबाईल हातात न्हाय तरी आंगठा चालूच."

मास्तर लोक हसले. हेडमास्तरांनी तिला हातानंच जायला सांगितलं. ती गेली, पण घरी आल्यावर भाकरी थापताना परातीवर असा हात मारत होती की मी ओळखलं, हे इथं थांबत नाही.

आठवीत ऋतुजा नावाची पोरगी होती. आई-बाप पुण्याला कामाला, ही इथं आजोबापाशी. कायम पहिला नंबर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मास्तरांचा संशय मागच्या बाकावरच्या पोरांवर असायचा, हिच्याकडं कुणी बघत नव्हतं. सोजर बघत होती. दिवाळीपासून ऋतुजाचं ताट अर्धंअधिक भरलेलंच परत यायचं. डोळ्याखाली काळं. विचारलं की म्हणायची, "काही नाही मावशी, भूक नाही."

"ती बोलणारी बाई आली पायजे," सोजर मला म्हणाली. "ह्या पोरीचं मला न्हाय उलगडायचं. मला नुसतं ताट दिसतंय. आन ते शून्याचे कागद गेले की बाई दुसऱ्या गावाला जाणार."

मॅडम फॉर्म न्यायला आल्या त्या दिवशी सोजरनं त्यांची स्कूटी फाटकातच अडवली. "मॅडम, चहा घ्या. आन तुमचं माप मला दाखवा."

मॅडम घरी आल्या. मी ओट्यावर मोबाईल बघत बसलो होतो. इथं माझं सांगितलं पाहिजे. पोरानं मला मोठ्या काचेचा मोबाईल दिला होता आणि मी त्यात बुडालो होतो. कुस्त्या, बैलांच्या शर्यती, कुणाची तरी भांडणं. सकाळी चूळ भरायच्या आधी हातात घ्यायचो. माझ्या नाकासमोर चहा उतू जाऊन चूल विझली तरी मला कळायचं नाही. सोजरनं हाक मारली की "आलो आलो" म्हणायचो आणि बूड हलवायचो नाही. यावर आमची रोज भांडणं व्हायची.

मॅडमनी फॉर्ममधला पहिला प्रश्न वाचला. "आंतरजालापासून दूर असताना आपणास अस्वस्थता जाणवते का? कधीच नाही, क्वचित, वारंवार, नेहमी."

सोजरनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांना इचारा. ह्यांचं मला ठाव हाय."

मॅडमनी मला विचारलं. मी म्हणालो, "आंतर कसलं? जाळं टाकायला आपल्याकडं पाणी कुठं हाय बाई? मासे बाजारातून आणतो."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "नेट हो काका. दिवसातून किती वेळ नेट लावता?"

"आता कुठला नेट लावतो! सत्तरी आली. तरणा व्हतो तवा लावला. विहीर खांदली तवा तर असा नेट लावला की—"

सोजरनं कपाळावर हात मारून घेतला. मी खरं तेच सांगत होतो. आमच्याकडं नेट लावणं म्हणजे जोर लावणं, जिवाच्या करारानं काम करणं. मॅडमनी सगळे प्रश्न विचारले आणि मी सगळ्याला "कधीच न्हाय" म्हणालो, कारण एकही प्रश्न माझ्याबद्दल आहे असं मला वाटलंच नाही. हातात मोबाईल तसाच चालू होता. माझी बेरीज शून्य आली.

सोजर उठून उभी राहिली. "बघितलंत? हा माणूस शून्य! सकाळपासून दोनदा चहा उतू घालवला ह्यांनी. तुमचा काटा खोटा हाय मॅडम. किलोचा पुडा ठेवला आन त्यानं काहीच दावलं न्हाय."

मॅडम जरा दुखावल्या. "मावशी, हे प्रश्न इंग्रजीत होते. तज्ज्ञांनी मराठी केलेत."

"तज्ज्ञांच्या घरी लेकरं न्हाईत का? लेकराशी असं बोलत्यात का ते, 'आपणास अस्वस्थता जाणवते का' म्हणून?"

मग मॅडमनी एक गोष्ट केली, ज्याच्यासाठी मी त्यांना कायम मानीन. फॉर्म उलटा केला, कोरी बाजू वर घेतली, पेन उघडलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही कसं विचाराल, मावशी?"

त्यानंतर पंधरा दिवस दुपारच्या वेळी आमच्या ओट्यावर शाळा भरली. सोजर तांदूळ निवडत सांगायची, मॅडम लिहायच्या.

"ह्यांची तंबाखूची पुडी संपली की हे कसं करत्यात? खिसे चाचपत्यात, उगं माझ्यावर वसकत्यात, फाटकापतूर जाऊन परत येत्यात. मोबाईल न्हाय मिळाला की लेकराला तसं व्हतंय का, ते इचारा."

"त्याला काय म्हणता तुम्ही?"

"तलफ."

मॅडमनी तो शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

असे एकेक प्रश्न झाले. हाक मारली की 'आलो आलो' म्हणता आणि जागचं हलत नाही, असं होतं का? 'एवढं एकच बघतो' म्हणून हातात घेतला आणि हातातलं काम नासलं, असं होतं का? जेवून उठल्यावर ताटात काय होतं ते आठवत नाही, असं होतं का? मोबाईल कुणी मागितला तर अंगावर जाता का? आधी जे खेळायला आवडायचं ते सोडलं का? असे दहा प्रश्न.

मॅडमना आणखी एक प्रश्न घालायचा होता, दिवसातून किती तास मोबाईल बघता म्हणून. तिथं दोघींची चांगलीच जुंपली.

"तास कशापायी मोजता?" सोजर म्हणाली. "एखादं पोरगं मोबाईलवर गणितं शिकतंय, एखादं आईशी बोलतंय पुण्याला. ते मापातलं झालं. मापात हाय तवर बिनधोक असू द्या. शीग मोजा तुमी. शिगंपायी काय सांडतंय ते इचारा. झोप सांडती का, जेवण सांडतं का, माणसांशी बोलणं सांडतं का."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मावशी, हेच आम्ही वर्षभर शिकतो हो. नुसता वापर वेगळा आणि वापराचा त्रास वेगळा."

"मंग वरीसभर कशाला शिकता? माझ्याकडं यायचं व्हतं की."

क्वचित आणि वारंवार यातला फरक पोरांना कळत नव्हता. मला आजही सांगता यायचा नाही. सोजरनं चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर चार मापटी काढली. एक रिकामं, एक अर्धं, एक काठोकाठ, एक शीग लागलेलं. "ज्याचं जेवढं असंल त्यावर त्यानं खूण करावी. शब्दच नको." रिकाम्याला शून्य मार्क, शीग लागलेल्याला तीन. दहा प्रश्नांचे तीस.

फॉर्म तयार झाला आणि सोजरनं मला पुढं बसवलं. "आधी ठाव असलेला माल."

मॅडम विचारत गेल्या, मी खुणा करत गेलो. तिसऱ्या प्रश्नालाच मला घाम फुटला. ही बाई माझ्या घरात घुसून माझंच वाचतेय असं वाटलं. खोटं बोलायची सोय नव्हती, सोजर समोर बसलेली. बेरीज झाली. तीसपैकी तीस.

चौथीपर्यंतच्या शाळेत मला कधी कशात पैकीच्या पैकी मिळाले नव्हते. सत्तरीला मिळाले, आणि तोंड लपवायला जागा नव्हती.

सोजर टाळ्या पिटत होती. "आला! किलोचा पुडा किलो आला!" मग तिनं शेजारच्या भामाबाईला बोलावलं. भामाबाईकडं बटणांचा फोन, तोही भिंतीतल्या देवळीत धूळ खात. तिचं शून्य आलं. तेव्हा कुठं सोजर म्हणाली, "आता लेकरांना द्या."

हेडमास्तर तयार होईनात. एकदा भरून झालेत, पुन्हा कशाला, उगीच शाळेचं नाव खराब होईल. सोजर म्हणाली, "सर, खिचडीत खडा लागला तर म्या तांदूळ परत निवडते. खाणाऱ्याला गप बस म्हणत न्हाय." शेवटी ते म्हणाले, "भरा. पण मी समोर बसणार."

"न्हाय. तुमी आत बसायचं. तुमच्यासमोर कोण खरं लिवंल? मागच्या बारीला तेच झालं."

खिचडी झाल्यावर लिंबाच्या झाडाखाली तिनं पंगत बसवली. पोरांची पाठ पोरांना लागलेली, कुणाचं कुणाला दिसणार नाही अशी. सगळे मास्तर आत. नाव लिहायचं नाही असं मॅडमनी तीनदा सांगितलं. आणि सोजर? ती स्वयंपाकाच्या खोलीकडं गेली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, पोरांना तिचीही नजर नको म्हणून. मी फाटकापाशी होतो. ती भिंतीशी उभी, पाठीवर पदर, हात मागं बांधलेले, शिक्षा झालेल्या पोरीसारखी. सगळं अंगण गप्प. नुसता पेन्सिलींचा आवाज.

मॅडमनी तिथंच बसून बेरजा केल्या. हेडमास्तर मागून वाकून बघत होते. या वेळी माप बोललं. पुष्कळ पोरांचं मापात निघालं, काहींचं काठोकाठ, आणि काहींची शीग लागलेली. हेडमास्तरांचा चेहरा उतरत गेला. एका कागदावर मॅडम थांबल्या. तो कागद जवळजवळ सगळा शिगेचा होता, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी तो हेडमास्तरांना दाखवला नाही. उठून सोजरपाशी गेल्या आणि तिच्या कानात वाचून दाखवला. सोजरनं मला हे फार पुढं सांगितलं, आणि ऋतुजानं होय म्हटलं म्हणून मी इथं लिहितोय.

तिथं लिहिलं होतं, "नाव लिहायचं नाही पण मी लिहिते. ऋतुजा. मावशीला सांगा, ताटात काय असतं ते मला खरंच आठवत नाही."

सोजर पदराला हात पुसत राहिली, कोरडेच हात.

समुपदेशक बाई आमच्या शाळेला मिळाली. दर गुरुवारी यायची. जादू झाली नाही, उगीच सांगणार नाही. ऋतुजा आधी महिनाभर नुसती रडायची. मग तिची आई पुण्याहून येऊन राहून गेली. मग आजोबा संध्याकाळी तिचा मोबाईल स्वतःच्या पेटीत ठेवायला लागले. उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस पोरगी रिकामं ताट घेऊन सोजरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, अजून वाढा. आज मटकीची खिचडी आहे ना?"

सोजरनं पळी बुडवली आणि ताटात शीग लावून वाढलं. कडेनं सांडलं तरी वाढलं. एवढ्या वर्षांत त्या बाईनं शीग लावून वाढलेलं ते एकच ताट.

मग धाराशिवचा हॉल. मॅडमनी तो फॉर्म बाकीच्या शाळांतल्या मास्तरांना शिकवायचा ठरवला आणि सोजरला गाडी पाठवली. ती नवं लुगडं नेसली आणि मापटं पिशवीत घेतलं. स्टेजवर तिला खुर्ची दिली तर ती बसेना. उभी राहूनच बोलली, हातात माईक न धरता, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू आलं. दहाच्या दहा प्रश्न तोंडपाठ म्हणाली.

एक मास्तर उठले. "मावशी, शहरातल्या पोरांना मापटं माहीत नाही. ते काय करतील?"

"मंग तांब्या काढा."

"तांब्याला शीग कुठं लागते?"

"न्हाय लागत. पाणी सांडतं. पायाखाली वल झाली की कळतंय की शहरातल्याला बी."

हॉल असा हसला की पंखे हलले. टाळ्या पडल्या. आमचे हेडमास्तर पहिल्या रांगेत होते. ते उभे राहून वाजवत होते आणि शेजारच्याला सांगत होते, "आमच्या शाळेतल्या आहेत त्या." सोजरनं ते ऐकलं आणि स्टेजवरून माझ्याकडं बघून एक भुवई वर केली. बस. माझ्या डोळ्यासमोर तीच भुवई आहे.

परत येताना गाडीत मी म्हणालो, "जिंकलीस." ती म्हणाली, "तुमी पैकीच्या पैकी मिळवलं म्हणून जमलं."

दर महिन्याला ती माझं माप काढायची. ओट्यावर बसवून दहा प्रश्न. तिसाचे चोवीस झाले, अठरा झाले. एकदा नऊवर आलो तेव्हा तिनं पुरणपोळी केली. पण एका प्रश्नावर मी कायम अडायचो. हाक मारली की 'आलो आलो' म्हणता आणि जागचं हलत नाही, असं होतं का? तिथं मापटं रिकामं काही होईना.

मग तिच्या काळजाचं दुखणं निघालं. डॉक्टरनं चुलीपुढं जायचं नाही असं सांगितलं. ती अंगणात बाजेवर पडून असायची आणि मी करपलेल्या भाकरीवरून बोलणी खायचो.

शेवटच्या आठवड्यातली दुपार. कोवळं ऊन होतं. ती बाजेवर डोळे मिटून, मी ओट्यावर कुस्ती बघत. फड रंगात आला होता, एक गडी दुसऱ्याचा पट काढायच्या बेतात. तेवढ्यात तिचा आवाज आला. लई बारीक.

"अवो."

मोबाईल कुठं पडला ते मला कळलं नाही. मी बाजेपाशी उभा होतो.

"काय पायजे? पाणी? गोळी देऊ?"

तिनं डोळे उघडून मला वरून खालपर्यंत बघितलं. मग हात वर उचलला, तळवा आडवा केला, आणि हवेतल्या हवेत, सर्रकन, शीग काढली.

"काय न्हाय," म्हणाली. "मोजत व्हते."